कपाटातला आवाज

लिफ्टचं दार मिटलं आणि माझा आवाज म्हणाला, "आई, दार उघड. मीच आहे."

मी तोंड उघडलेलं नव्हतं. सकाळी जाग आल्यापासून कामाच्या जागी खुर्चीत जाऊन बसेपर्यंत मी बोलत नाही. फार वर्षांचा नेम आहे, आणि इतक्या वर्षांत त्याचं नेमपण झिजून तो नुसता श्वासासारखा झालाय. शेजारीण दिसली तर हसायचं, कुणी पत्ता विचारला तर हाताने दाखवायचं आणि आत जप चालू ठेवायचा. लिफ्टमध्ये माझ्याबरोबर दोघे होते. एकाच्या कोपराला हेल्मेट अडकवलेलं, हातात मोबाइल, आणि त्या मोबाइलमधून मी बोलत होते. माझा हात आपोआप ओठांवर गेला. मौन मोडलं, असंच मला आधी वाटलं. मग ओठ मिटलेलेच आहेत हे बोटांना कळलं, तरी हात खाली घ्यायला धजेना. "आता ऐक, आता येतं बघ," हेल्मेटवाला दुसऱ्याला म्हणाला, आणि मी अगदी हळू, कानाशी लागून म्हणाले, "उघडू नकोस हं, आई. मी आत आहे ना." दुसऱ्याने खांदे आक्रसले. "च्यायला, काटा आला. कोण आहे ही बया?" "कुणास ठाऊक. किंचाळणाऱ्या भुतांचं काही वाटत नाही रे. ही देवाचं म्हणत असल्यासारखी सांगते, त्याने जास्त फाटते." "हिच्या नवऱ्याचे काय हाल होत असतील! मागून येऊन 'अहो, ऐकलंत का' म्हणाली की संपला बिचारा." दोघे पोटभर हसले. मग हेल्मेटवाल्याचं माझ्याकडे लक्ष गेलं, ओठांवर हात धरून कोपऱ्यात उभी असलेली, पांढऱ्या होत चाललेल्या केसांची बाई. त्याने चटकन आवाज कमी केला. "सॉरी हं, मावशी. घाबरलात का?" मी मान हलवली. होय की नाही, ते माझं मलाही कळलं नाही.

आमच्या छापखान्यात कायद्याची पुस्तकं छापतात. मी मूळ प्रत मोठ्याने वाचते आणि समोर बसलेले तपासनीस छापलेल्या पानावरून पेन्सिल फिरवत चूक शोधतात. वाचायचं म्हणजे सगळंच वाचायचं. कलम, पोटकलम, स्वल्पविराम, कंस सुरू, कंस पूर्ण. वाचणारीने अर्थाच्या भानगडीत पडायचं नसतं. एखाद्या शब्दावर जोर पडला, की ऐकणारा पानावर काय छापलंय ते न पाहता कानाला काय सांगितलं तेच पाहू लागतो, आणि चूक निसटते. त्यामुळे आमच्याकडे फाशीचं कलम आणि कुत्र्याच्या परवान्याचं कलम एकाच सुरात निघतं. हा सूर मी नोकरीत शिकले असं सगळ्यांना वाटतं, पण तो आधीपासूनच माझ्याकडे होता. नित्यपाठ म्हणताना मी स्वतःला मध्ये येऊ देत नाही, शब्दांनी माझ्यातून जावं आणि पलीकडे पोचावं, एवढंच. त्या दिवशी मात्र वाचता वाचता मी स्वतःला ऐकत बसले. हा बाहेर पडतोय तो आवाज, हा लिफ्टमधला आवाज. दोन्ही एकाच बाईचे, आणि त्यातला एक माझ्या नकळत शहरभर हिंडतोय, कुणाच्या खिशात, कुणाच्या उशाशी. तपासनिसांनी पेन्सिल खाली ठेवली. "बाई, आज काय झालंय? तुम्ही अर्थाने वाचताय." मी माफी मागितली आणि तो परिच्छेद पुन्हा वाचला, पण तो सूर काही दिवसभर लागला नाही.

मोबाइलवर हिंडणाऱ्या त्या गोष्टी वहिनीच्या. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. फुलाचे भाग, दातांचे प्रकार, पाण्याची वाफ कशी होते ते. हसते ती इतक्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघतात, आणि झुरळ दिसलं की थेट पलंगावर चढते. पण दिवसभर दाढा आणि सुळे काढून झाले, की संध्याकाळी तिला भीतीच्या गोष्टी सुचतात. लहान लहान, पानभराच्या. त्या ती चित्रांसकट इंटरनेटवर टाकायची. वाचणारे मोजके होते. मग कुणीतरी तिला सुचवलं की गोष्ट वाचून दाखव, लोकांना हल्ली डोळ्यांपेक्षा कान बरे वाटतात. तिने स्वतःच वाचून पाहिलं. दादा म्हणाला, "सेल लागल्यासारखं वाटतंय. भुतावर भूत फ्री." तेव्हा ती माझ्याकडे आली. "वन्सं," ती म्हणाली. मी तिची नणंद, म्हणून मला खिजवायचं किंवा काही मागायचं असलं की ती हे जुनं संबोधन बाहेर काढते. "वन्सं, तुम्ही वाचा ना. फक्त स्वल्पविराम म्हणू नका म्हणजे झालं." मी नाही म्हटलं. ज्या तोंडाने पाठ म्हणायचा त्या तोंडाने हे कसं वाचायचं? "का? तुमच्या देवाला भुतं माहीत नाहीत का? त्यानेच केलीत ना?" त्या संध्याकाळी देवापुढे बसून मी विचारलं. नाही म्हणायला मला एक कारण हवं होतं. तेवढं एक देवाने द्यावं, बाकी काही नको. त्याने दिलं नाही.

रेकॉर्डिंग कपाटात होतं. वहिनीच्या खोलीत गरम कपड्यांचं मोठं कपाट आहे, त्यात मी बुटक्या स्टुलावर बसते, चारी बाजूंनी कोट आणि शाली, आणि हँगरला माइक चिमट्याने लावलेला. कपड्यांमुळे आवाज कुठे आपटत नाही. दार लावलं की काळोख, डांबरगोळ्यांचा वास आणि बाबांचा कोट, जो द्यायचा द्यायचा म्हणून अजून कुणी दिलेला नाही. त्याची बाही माझ्या गालाला लागते. हातातल्या छोट्या दिव्यात फक्त कागद दिसतो. ओठ माइकला टेकतील इतकं जवळ बसायचं, असं वहिनीचं सांगणं. "लांबून सांगितलेलं भूत लांबच राहतं," ती म्हणते. आमची रीत उलटी आहे. आधी माझा आवाज, मग चित्रं. वहिनी कानाला हेडफोन लावून माझं वाचणं पुन्हा पुन्हा ऐकते आणि आवाज नेतो तशी रेघ ओढते. मी श्वास घेते तिथे चित्र बदलतं. खोटं कशाला बोलू, मला कपाटात बरं वाटायचं. देवघराबाहेर इतकी शांत, इतकी जवळची जागा मला दुसरी मिळाली नव्हती. आणि इतक्या जवळून मी आणखी एकाच माणसाशी बोलायचे. आईच्या उजव्या कानाशी, रोज संध्याकाळी, पाठ वाचताना.

आईला आता माणसं दिसत नाहीत, माणसांच्या जागा दिसतात. उजेडात एक गडद ठिपका हलला की तिथे कुणीतरी आहे, एवढं कळतं; कोण ते आवाजावरून. आठवणही विरत चाललीय. दादाला ती कधी डॉक्टर समजते, कधी बाबा. वहिनीला म्हणते, "तुमचं घर कुठलं, पोरी?" आणि वहिनी म्हणते, "हेच की, आई. तुम्हीच पसंत केलंत मला, आता तक्रार नको." पण मला ती कधी चुकली नाही. कारण आमचं एक ठरलेलं होतं. मी लहानपणी फार उशिरा बोलले. सगळं समजायचं, पण तोंडून शब्द नाही. तेव्हा आई मला अंगणात सोडायची, आतून कडी लावायची आणि म्हणायची, "कोण आहे? बोल, मग उघडते." मी दाराला कपाळ लावून उभी राहायचे. लाकडाचा खरखरीतपणा कपाळाला अजून आठवतो. रडायचे, लाथा मारायचे. दार उघडायचं नाही. आणि एक दिवस माझ्या तोंडून निघालं, "मीच आहे." त्यानंतर आयुष्यभर, शाळेतून, कामावरून, कुठूनही आले की मी तिच्या दाराबाहेर थांबून तेच म्हणत आले, "आई, दार उघड. मीच आहे." आणि ती, "बोललीस? मग ये." अलीकडे तिला उठून दार उघडायला जमत नाही, मीच लोटते. पण तिचं "मग ये" आल्याखेरीज नाही.

हे सगळं मी एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता वहिनीला सांगितलं. तिच्या हातातली घडी तशीच राहिली. "वन्सं, हे मला द्या." द्यायचं काय त्यात? ते माझं काही आहे, असंही मला तोवर वाटलेलं नव्हतं. तिने गोष्ट केली ती अशी. एक म्हातारी, तिची मुलगी रोज संध्याकाळी येते आणि बाहेरून म्हणते, आई, दार उघड, मीच आहे. म्हातारी उघडते. एका संध्याकाळी मुलगी आत येते, हातपाय धुते, आईजवळ बसते. आणि तेवढ्यात बाहेरून पुन्हा तीच हाक येते. तोच आवाज. आत बसलेली मुलगी आईच्या कानाशी लागून म्हणते, उघडू नकोस हं, आई, मी आत आहे ना. संपली गोष्ट. चित्रात सबंध वेळ एकच दार, आतल्या बाजूने पाहिलेलं, आणि त्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात दोन पावलांची सावली. दार आमच्या आईच्या खोलीचंच काढलेलं. त्यावरच्या खिळ्याला अडकवलेल्या तिच्या छत्रीसकट. वाचताना मी आवाज बदलला नाही. मला बदलता येतच नाही. बाहेरची मुलगीही मीच वाचली आणि आतलीही.

लिफ्टमधल्या त्या दिवशी संध्याकाळी घरी आले. चप्पल काढली, हात धुतले, आईच्या दाराशी उभी राहून म्हटलं, "आई, दार उघड. मीच आहे." आतून काही आलं नाही. झोपली असेल म्हणून थोडं थांबून पुन्हा म्हटलं, तर आत काहीतरी पडलं, बहुतेक तांब्या, आणि आई ओरडली. ते ओरडणं मी याआधी कधी ऐकलं नव्हतं. स्वयंपाकघरातून मावशी धावत आल्या. मावशी म्हणजे दिवसा आईपाशी बसणाऱ्या बाई, ओले हात पदराला पुसत. "ताई, तुम्ही आत जाऊ नका आत्ताच. दुपारपासून असंच चाललंय." आणि मग त्यांचाच चेहरा रडवेला झाला. "माझंच चुकलं का हो? वहिनींनी मला तुमच्या गोष्टी मोबाइलवर लावून दिल्यात. मी भांडी घासताना ऐकत होते. आजी झोपलेल्या, दार लोटलेलं. तर आतून आवाज, 'बोललीस? मग ये.' मी म्हटलं आवडतंय त्यांना, तुमचाच आवाज, करमेल तेवढंच. म्हणून पुन्हा लावली. तर त्या उठल्या हो. भिंतीला धरून दारापर्यंत आल्या. दार उघडलं तर कुणी नाही. मी मोरीत. परत जाऊन बसल्या, तोवर ही परत म्हणतेय, दार उघड. परत उठल्या. मला काय ठाऊक! शेवटी ते आलं ना, उघडू नकोस, मी आत आहे. तेव्हापासून त्या सगळ्या खोलीभर हात फिरवून शोधतायत, आत कोण आहे."

मावशींवर मला रागवता येईना. त्यांनी आईला मी हवी म्हणून मला लावलं होतं. दार लोटून मी आत गेले. आई पलंगाच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात, उशी पुढे धरून. "आई," मी म्हटलं, "आई, मी आहे गं." मी बोलले तसा तिचा चेहरा आवाजाकडे वळला आणि वळता वळता बंद झाला. "काढा हिला," ती मावशींना म्हणाली. "ही माझ्या मुलीचा आवाज काढते. माझी मुलगी कुठे ठेवलीस गं? बोल. तिला काय केलंस?"

घरात त्या आठवड्यात कुणी मोठ्याने हसलं नाही, वहिनीसुद्धा. तिने गोष्ट त्याच संध्याकाळी काढून टाकली.   दुसऱ्या दिवशी मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाली, "काही उपयोग नाही गं. लोकांनी उतरवून घेऊन ठिकठिकाणी चढवलीय. हा बघ, याने माझी चित्रं काढून दुसऱ्याची लावलीत. हिने नुसता तुझा आवाज ठेवलाय, वर काळा पडदा." वन्सं म्हणायचं ती विसरली होती. खाली लोकांनी लिहिलेलं होतं, की हा आवाज माणसाचा नाहीच, मशीनचा आहे. माणसाला इतकं सपाट वाचता येत नाही. त्यावर दुसऱ्याने, की माणसाचाच आहे, मध्ये ती आवंढा गिळते ते ऐका. त्यांच्यात वाद चालला होता. मी आहे की नाही, हे ते आपापसात ठरवत होते, आणि मला वाटलं, ठरलं की मलाही कळवा.

डॉक्टर म्हणाले, विसरतील. दादाने ते आल्या आल्या आम्हाला सांगितलं, औषध आणल्यासारखं. "जेवलेलं विसरते, माझं नाव विसरते, हे विसरायला किती वेळ लागणार?" आम्ही वाट पाहिली. ती दादाला पार विसरली, बाबा गेलेत हे विसरली, स्वतःचं वयही विसरून गेली. ही भीती मात्र तिने कुठे जपून ठेवली होती कोण जाणे. जिथे आता काहीच टिकत नव्हतं तिथे ती चांगली ठाकठीक राहिली. मी मोठ्याने बोलून पाहिलं. तपासनिसांसारखं घोगरं बोलून पाहिलं. वहिनीच्या सांगण्यावरून छापखान्यातून फोन करून पाहिला, तो तर सर्वांत वाईट. आवाज आणि माणूस नाही, म्हणजे तेच झालं. एकदा मला पडसं झालं आणि घसा पार बसला, तेव्हा मी आत जाऊन बोलले तर आई कान देऊन ऐकत राहिली. "कोण गं तू? बरी वाटतेस. कुणाची?" मला इतका आनंद झाला की मी म्हणून गेले, "मीच आहे, आई," आणि त्या तीन शब्दांत बसलेल्या घशाखालून माझा जुना सूर वर आला असावा. तिने हात काढून घेतला. पडसं गेलं, तसं मी देवापाशी पुन्हा पडसं मागितलं. हसण्यासारखंच आहे. आयुष्यभर त्याच्याकडे काही मागायचं नाही असं ठरवून राहिले, आणि मागितलं काय, तर नाक वाहू दे.

मग मी बोलणं सोडलं. म्हणजे तिच्या खोलीत. नुसती जाऊन खुर्चीत बसायचे. पहिल्या दिवशी तिने हवेत हात पुढे केला, मी माझा त्यात ठेवला. "कोण? नवीन बाई का?" मी तिची बोटं दाबली. "बोलत नाहीस? मुकी आहेस?" तिने चाचपत माझ्या गालावर तळवा ठेवला. मी त्या तळव्याखाली मान हलवली. "बरं झालं," आई म्हणाली. "मुकीच बरी." त्या दिवसापासून ती मला मुके म्हणते. लहानपणी गल्लीतल्या बायका मला तेच म्हणायच्या आणि आई त्यांच्याशी भांडायची.

मुकी झाल्यावर आईने मला माझ्याबद्दल सांगितलं. "माझी मुलगी वाचते," ती म्हणायची, मी तिचे पाय चेपत असताना. "तू ऐकलंस का तिचं वाचणं? इथे, या कानाशी. मध्ये मध्ये थांबते, मला डुलकी लागली का बघायला. मी मुद्दाम डोळे मिटते." मी पाय चेपत राहायचे. "बोलायला फार उशीर लावला तिने. मी दाराबाहेर उभी करायचे. सासूबाई मला कसाई म्हणायच्या. ती बाहेर रडायची, मी आत रडायचे. अगदी कडीला हात लावून. म्हणायचे, आता उघडते, आता उघडते. आणि एक दिवस म्हणाली, मीच आहे. पहिलंच बोलणं असं येतं का पोरांना? मला शंका होती की काय, की बाहेर आणखी कुणी असेल?" ती हसायची आणि हसता हसता तिचा चेहरा विस्कटायचा. "तो आवाज कुणीतरी नेला गं, मुके. आता दाराशी येऊन तोच काढतात. तू ऐकलास तर उघडू नकोस हं." मी तळव्याखाली मान हलवायचे. कडीला हात लावून ती आत रडायची, हे मला माहीत नव्हतं. आता कळलं, तर कळल्याचं तिला सांगायची सोय नव्हती.

सकाळचं मौन चालूच होतं. पण ते आता मौन वाटेना. पूर्वी बोलणं हातात असायचं आणि ते मी उचलून देवापुढे ठेवायचे. आता सकाळी ठेवायला जावं तर हात रिकामे. संध्याकाळचा पाठ मी पुस्तक मांडीवर घेऊन मनात वाचायचे, आईशेजारी. पान उलटलं की ती विचारायची, "काय वाजतंय? पक्षी शिरला का?" दिवसभरात माझ्या तोंडून आता कलमं आणि स्वल्पविराम तेवढे बाहेर पडत. तपासनीस खूश होते. म्हणाले, "बाई, हल्ली तुमचं वाचणं असं झालंय की कुणी वाचतंय असं वाटतच नाही." वहिनीने नवी गोष्ट केली नाही. कपाट बंद. लोक मात्र विचारत होते, ती बाई कुठे गेली? कुणी लिहिलं, वारली. कुणी लिहिलं, मी ओळखत होतो तिला. वहिनीने मला हळूच विचारलं, "त्यांना सांगू का काही?" माझं मौन नव्हतं तेव्हा, तरी मी नुसती नकाराची मान हलवली. दादा दारात उभा होता. तो म्हणाला, "अगं, आमच्याशी तरी बोल." मला म्हणायचं होतं, बोलते की. म्हणायला तोंड उघडलं आणि वाटलं, हा घाबरला तर?

आईचं खाणं सुटत गेलं. डॉक्टर म्हणाले, आता दवाखान्यात आणायची दगदग नको, जे बोलायचं असेल ते बोलून घ्या. मला बोलायचं होतं ते फार नव्हतं. तिने एकदा, एकदाच, न घाबरता मला ऐकावं आणि म्हणावं, मग ये. तेवढ्यावर तिला जाऊ द्यायची माझी तयारी होती.

काल सुट्टी होती. दुपारचं ऊन पलंगाच्या पायाशी आलेलं. मावशी आणि वहिनी स्वयंपाकघरात हलक्या आवाजात काहीतरी बोलत होत्या. आई जागी होती, आणि कित्येक दिवसांत नव्हती इतकी भानावर. "मुके, आहेस का?" मी हात दिला. "ती आज वाचायला आली नाही. उशीर झाला असेल. मीच म्हणते, तू ऐक." तिने दुसरा हात छातीवर ठेवला आणि पाठातला शेवटचा भाग म्हणायला लागली. माझ्याच सुरात. म्हणजे मी तिच्या कानात जो सूर इतकी वर्षं ओतला त्याच सपाट, मध्ये न येणाऱ्या सुरात. "तूच वाट, तूच पाऊल. तूच उंबरा, तूच दिवा. तूच हाक..." आणि अडली. पुन्हा मागे गेली. "तूच उंबरा, तूच दिवा. तूच हाक..." पुढे 'तूच ओ' आहे. दोन शब्द, त्यातला एक तिच्या तोंडात आधीच होता. उजवा कान माझ्याकडे करून ती थांबली, पूर्वी थांबायची तशी, पुढचं मी देणार म्हणून. माझे ओठ हलले. नुसते ओठ. ते तिला दिसण्यातले नव्हते. ऊन पलंगाच्या पायावरून चादरीवर चढलं. ती वाट पाहत होती आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते आणि तो एवढासा 'ओ' माझ्या घशात दाराला कपाळ लावून उभा होता.

मग आईच म्हणाली, "तूच हाक. आई, दार उघड. मीच आहे." अगदी समाधानाने. घाबरून नव्हे. जणू पाठात पुढे तेच होतं, कायम तेच होतं, आणि आठवल्याबद्दल ती स्वतःवर खूश झाली होती. तिने ते पुन्हा सबंध म्हटलं, वाट, पाऊल, उंबरा, दिवा, हाक, आई, दार उघड. मग एकदम थांबून कान टवकारले. "ऐकलंस? मुके, ऊठ. ती आली. दार उघड."

मी उठले. दारावरच्या छत्रीला धक्का लागून ती हलली. मी दार सताड उघडलं. बाहेर नेहमीचा बोळ, त्याच्या टोकाला स्वयंपाकघराचा उजेड, आणि मध्ये कुणी नाही. मी परत येऊन तिच्याजवळ वाकले. तिने चाचपत तळवा माझ्या गालावर ठेवला.

"आली?"

मी मान हलवली.

"दारात उभी आहे?"

मी मान हलवली.

आईने चादर सारखी केली. कपाळावरचे केस मागे सारले. इतक्या महिन्यांत पाहिला नव्हता तो चेहरा तिने दाराकडे वळवला, माझ्यासाठी ठेवलेला चेहरा. तळवा माझ्या गालावर तसाच राहिला. ती वाट पाहत होती. मग तिने मला विचारलं,

"मग बोलत का नाही गं ती?"